कोंबडीच्या खुराड्यातून जीवनसत्त्वाकडे

बेरीबेरी या जीवघेण्या व्याधीचा जंतू शोधण्यासाठी जावा बेटावर गेलेले डच वैद्य ख्रिस्तियान आइकमन यांना तो जंतू कधीच सापडला नाही, कारण तो अस्तित्वातच नव्हता. मात्र लंगडणाऱ्या कोंबड्यांकडे त्यांनी बारकाईने पाहिले आणि त्यातून आहारशास्त्राचे एक नवे दालन उघडले. ज्या शोधासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा अर्थ खुद्द त्यांनीही सुरुवातीला चुकीचा लावला होता.

कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्याला खाद्यातील जीवनसत्त्वांचे महत्त्व आज निराळे सांगावे लागत नाही. मका, सोयापेंड आणि क्षार यांच्या जोडीला जीवनसत्त्वांचे मिश्रण खाद्यात मिसळले जाते आणि त्या मिश्रणात ब-१ जीवनसत्त्व अर्थात थायमिन असते. एका टनाच्या हिशेबात त्याचे प्रमाण अगदीच नगण्य, केवळ काही ग्रॅम भरते. तरीही ते वगळले, तर काही आठवड्यांत पक्ष्यांचे पाय लुळे पडू लागतील. ही गोष्ट प्रथम ज्याच्या ध्यानात आली, तो माणूस पशुवैद्य नव्हता. तो लष्करी डॉक्टर होता आणि त्याला कोंबड्यांच्या आरोग्याशी काही देणेघेणेही नव्हते. त्याला आपल्या शिपायांचे प्राण वाचवायचे होते.

शाळामास्तरांचा मुलगा

ख्रिस्तियान आइकमन यांचा जन्म ११ ऑगस्ट १८५८ रोजी नेदरलँड्समधील नाइकेर्क या लहानशा गावी झाला. वडील तेथील शाळेचे मुख्याध्यापक. ख्रिस्तियान हे त्यांचे सातवे अपत्य. पुढच्याच वर्षी वडिलांना झानदाम येथील नव्या शाळेची सूत्रे मिळाली आणि कुटुंब तिकडे गेले. शाळामास्तरांच्या भरल्या घरात वैद्यकीय शिक्षणाचा खर्च पेलणारा नव्हता. त्या काळी अशा हुशार मुलांपुढे एक मार्ग असे. ईस्ट इंडीजमधील डच वसाहतींच्या सैन्यात डॉक्टर म्हणून सेवा करण्याची हमी द्यायची आणि त्या बदल्यात शिक्षण पूर्ण करायचे. १८७५ मध्ये आइकमन ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या लष्करी वैद्यकीय शाळेत दाखल झाले ते याच वाटेने.

शिकत असतानाच शरीरक्रियाविज्ञानाच्या प्राध्यापकांचे सहायक म्हणून त्यांनी दोन वर्षे काम केले. मज्जातंतूंवरील विद्युतपरिणाम हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १३ जुलै १८८३ रोजी त्यांना सन्मानपूर्वक डॉक्टरेट मिळाली. मज्जातंतूंच्या या अभ्यासाचा उपयोग पुढे कोंबड्यांच्या खुराड्यात होईल, याची कल्पना तेव्हा कोणाला असणार! त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला आणि पाठोपाठ ते जावाकडे रवाना झाले.

सेमारांग, मग चिलाचाप, मग सुमात्रा बेटावरील पदांग सिदेम्पुआन अशा बदल्या होत गेल्या. चिलाचापच्या दलदलीत त्यांना हिवतापाने गाठले. प्रकृती इतकी ढासळली, की १८८५ मध्ये आजारपणाची रजा घेऊन त्यांना मायदेशी परतावे लागले. १८८६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी आइकमन विधुर झाले होते आणि शरीर हिवतापाने पोखरलेले होते.

या पडत्या काळातच त्यांनी बर्लिनची वाट धरली. क्षयाचा जंतू शोधून जगभर कीर्ती मिळवलेल्या रॉबर्ट कॉक यांची प्रयोगशाळा तेथे होती. रोगामागे जंतू असतोच, आपण तो नीट शोधला पाहिजे, अशा विश्वासाने भारलेला तो काळ होता. आइकमनही त्या विश्वासाचेच पाईक होते.

शिपायांचे मरण

तिकडे वसाहतीच्या सैन्यात बेरीबेरीने हाहाकार माजवला होता. १८७३ पासून सुमात्राच्या उत्तर टोकाला असलेल्या आचे प्रांतात डचांचे युद्ध सुरू होते. तेथे शत्रूच्या हत्याराइतकीच भीती या रोगाची वाटत असे. पायांत मुंग्या येत, मग पाय जड होत, स्नायू वाळत, चालणे अशक्य होई. कुणाच्या अंगावर सूज चढे, तर कुणी धट्टाकट्टा दिसणारा शिपाई हृदय बंद पडून काही तासांत दगावे. बराकींत, तुरुंगांत आणि जहाजांवर, म्हणजे जेथे अनेक माणसे एकत्र राहत आणि एकाच मुदपाकखान्यातले अन्न खात, तेथे हा रोग अधिक. साहजिकच तो सांसर्गिक असावा, अशी समजूत दृढ झाली.

डच सरकारने १८८६ मध्ये प्राध्यापक पेकेलहारिंग आणि डॉ. विंकलर या दोघांची एक शोधसमिती नेमली. जावाला निघण्यापूर्वी हे दोघे कॉक यांच्या प्रयोगशाळेत गेले असता त्यांची आइकमन यांच्याशी गाठ पडली. जावाची माहिती असलेला, जंतुशास्त्र शिकलेला आणि मज्जातंतूंवर प्रबंध लिहिलेला हा तरुण डॉक्टर त्यांना हवाच होता. आइकमन मदतनीस म्हणून त्यांच्यासोबत पुन्हा पूर्वेकडे निघाले.

समितीने बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जाकार्ताच्या, लष्करी रुग्णालयात काम केले. रोगात मज्जातंतूंचा ऱ्हास होतो, हे तिने दाखवून दिले. रुग्णांच्या रक्तात काही जंतूही तिला आढळले आणि हेच रोगाचे मूळ असावे, असा तिचा कयास झाला. बराकींचे निर्जंतुकीकरण करण्याची शिफारस करून १८८७ मध्ये दोघे ज्येष्ठ सदस्य मायदेशी परतले. मात्र तात्पुरती उभारलेली प्रयोगशाळा कायम ठेवावी, ही पेकेलहारिंग यांची सूचना सरकारने मानली. १५ जानेवारी १८८८ रोजी आइकमन या प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या शाळेचीही जबाबदारी त्यांच्याकडेच आली आणि तेथील विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शरीरक्रियाविज्ञान व सेंद्रिय रसायन या विषयांवर पाठ्यपुस्तके लिहिली. त्याच वर्षी त्यांनी पुनर्विवाह केला.

रूढ समजुती तपासून पाहण्याची त्यांना सवयच होती. उष्ण कटिबंधात राहिल्याने गोऱ्या माणसाचे रक्त पातळ होते आणि त्याची शरीरक्रिया मंदावते, असे त्या काळचे डॉक्टर बिनदिक्कत सांगत. आइकमन यांनी रक्तपेशी मोजल्या, श्वसन आणि घाम यांची मोजमापे घेतली आणि या समजुतींना आधार नसल्याचे दाखवून दिले. मोजल्याशिवाय मानायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. कोंबड्यांच्या बाबतीत तोच कामी आला.

खुराड्यातील साथ

बेरीबेरीचा जंतू पकडायचा, तर तो एखाद्या प्राण्यात टोचून रोग निर्माण करून दाखवायला हवा होता. ससे आणि माकडे यांच्यावरचे प्रयत्न फसल्यावर आइकमन यांनी कोंबड्या निवडल्या. त्या स्वस्त मिळत आणि जागाही कमी लागे. काहींना जंतूंची टोचणी दिली, काहींना तुलनेसाठी तशाच ठेवल्या.

काही आठवड्यांनी खुराड्यात साथ आली. कोंबड्यांची चाल आधी डळमळीत झाली. आडव्या दांडीवर बसताना तोल जाऊ लागला. मग पाय दुमडून पडणे, पंख लोंबकळणे, मान उचलता न येणे आणि तुरा निळसर पडणे ही लक्षणे आली. काही दिवसांत मृत्यू. मेलेल्या पक्ष्यांचे मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा बेरीबेरीच्या रुग्णांत दिसतो तसाच ऱ्हास दिसला. प्रयोग यशस्वी झाला, असेच कुणालाही वाटले असते.

पण एक अडचण होती. टोचणी दिलेल्या कोंबड्या जशा आजारी पडल्या, तशाच टोचणी न दिलेल्याही. संसर्ग पसरला असेल म्हणून काही पक्षी वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवले. तेही आजारी पडले. उतावळ्या संशोधकाने जंतू हवेतून पसरतो, असा निष्कर्ष काढून अहवाल छापला असता. आइकमन थांबले. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत साथ एकाएकी ओसरली. नव्याने कुणी आजारी पडेना, उरलेल्या कोंबड्या आपोआप सुधारल्या. आता प्रयोगासाठी रोगी पक्षीच उरले नव्हते.

आइकमन यांनी चौकशी आरंभली. ती त्यांना रुग्णालयाच्या मुदपाकखान्यापर्यंत घेऊन गेली. कोंबड्यांना नेहमी साधा, कोंड्यासह असलेला तांदूळ घातला जाई. प्रयोगशाळेच्या राखणदाराने पैसे वाचवण्यासाठी मधल्या काळात लष्करी रुग्णालयातला उरलासुरला भात आणून घालायला सुरुवात केली होती. हा भात पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळाचा होता. पुढे रुग्णालयाचा आचारी बदलला. लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना का म्हणून द्यायचा, असा आक्षेप घेऊन नव्या आचाऱ्याने तो बंद केला. तारखा जुळवल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पांढरा भात १७ जून ते २७ नोव्हेंबर या काळात घातला गेला होता. साथ १० जुलैला सुरू झाली आणि नोव्हेंबरअखेरीस संपली.

एका आचाऱ्याच्या शिस्तप्रियतेने वैद्यकाच्या इतिहासाला वळण दिले. त्या आचाऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही.

शोध बरोबर, अर्थ चुकीचा

हा योगायोग मानून सोडून देणेही शक्य होते. आइकमन यांनी पुढली काही वर्षे त्याची कसून परीक्षा घेतली. कोंबड्यांच्या या व्याधीचे वर्णन त्यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केले आणि प्रयोग सुरूच ठेवले. दोष शिळ्या भाताचा असेल काय? ताजा भात घातला, तरी रोग झाला. शिजवण्याच्या पाण्याचा असेल काय? कच्चा पांढरा तांदूळ घातला, तरीही झाला. मात्र नुसते तूस काढलेला, वरचा तांबूस पापुद्रा शाबूत असलेला तांदूळ घातला, की कोंबड्या ठणठणीत राहत. लुळ्या पडलेल्या कोंबडीला तांदळाचा कोंडा चारला, की ती पुन्हा पायांवर उभी राही. तांदळाऐवजी साबुदाण्यासारखे नुसते पिष्ट घातले, तरी रोग होई. गुण देणारा घटक कोंड्यात आहे आणि तो पाण्यात उतरतो, हेही त्यांनी दाखवले.

तांदूळ सडण्याची जुनी पद्धत उखळ-मुसळाची होती. त्यात पापुद्र्याचा बराच भाग दाण्याला चिकटून राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या. त्या तांदूळ मोत्यासारखा पांढरा करून देत. असा तांदूळ दिसायला देखणा आणि साठवायला सोयीचा. सैन्य, तुरुंग आणि जहाज यांना नेमका तोच पुरवला जाई. प्रगतीचे लक्षण समजल्या जाणाऱ्या यंत्राने धान्यातील प्राणच काढून टाकला होता.

येथवर आइकमन यांचे निरीक्षण अचूक होते. अर्थ लावताना मात्र ते चुकले. कॉक यांच्या शाळेत शिकलेल्या माणसाला रोगाचे कारण म्हणजे शरीरात शिरलेले काहीतरी, असेच वाटणार. पिष्टमय अन्नातून एखादे विष तयार होत असावे आणि तांदळाच्या पापुद्र्यात त्यावरचा उतारा असावा, असा सिद्धांत त्यांनी मांडला. एखाद्या गोष्टीच्या नसण्यानेही रोग होऊ शकतो, ही कल्पना त्या काळी वैद्यकाच्या चौकटीत बसत नव्हती.

आजच्या ज्ञानाच्या उजेडात पाहिले, तर त्यांची चूक समजण्याजोगी आहे. पिष्टापासून ऊर्जा मिळवताना पेशींना थायमिन लागते. आहारात पिष्ट जितके अधिक, तितकी थायमिनची गरज अधिक. शरीरात त्याचा साठा फार थोडा असतो आणि तो काही आठवड्यांत संपतो. मेंदू, मज्जातंतू आणि हृदय यांना त्याचा फटका आधी बसतो. नुसत्या पांढऱ्या भातावर जगणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत पिष्ट हेच विष असल्यासारखे भासणारच.

तुरुंगांची साक्ष

कोंबड्यांना जे लागू पडते, ते माणसांना लागू पडते काय? माणसांवर असा प्रयोग करणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. पण वसाहतीच्या तुरुंगांत तो नकळत चाललेलाच होता. जावा आणि मदुरा या बेटांवरील तुरुंगांत स्थानिक रिवाजाप्रमाणे कोठे सडीचा, कोठे पॉलिशचा, तर कोठे मिश्र तांदूळ दिला जाई. तेथील नागरी आरोग्यसेवेचे निरीक्षक आडोल्फ फोर्डरमन यांच्यापुढे आइकमन यांनी आपली शंका मांडली. फोर्डरमन यांनी १८९६ मध्ये १०१ तुरुंगांची पाहणी केली. सुमारे २ लाख ८० हजार कैद्यांची माहिती त्यांनी गोळा केली.

निष्कर्ष डोळे उघडणारा होता. कोंड्यासह तांदूळ देणाऱ्या ३७ तुरुंगांपैकी केवळ एकात बेरीबेरी आढळला. मिश्र तांदूळ देणाऱ्या १३ पैकी सहा तुरुंगांत तो होता. पांढरा तांदूळ देणाऱ्या ५१ पैकी तब्बल ३६ तुरुंगांत या रोगाने ठाण मांडले होते. इमारत जुनी की नवी, हवा खेळती की कोंदट, कैद्यांची दाटी किती, हेही फोर्डरमन यांनी तपासले. त्यांपैकी कशाचाही रोगाशी संबंध लागला नाही. कैद्यांचे जगणे-मरणे त्यांना वाढल्या जाणाऱ्या भाताच्या रंगावर ठरत होते.

पण प्रकृतीने आइकमन यांना पुन्हा दगा दिला. १८९६ च्या मार्च महिन्यात त्यांना बटाव्हिया सोडावे लागले. ते पुन्हा तेथे काम करू शकले नाहीत.

ग्राइन्स यांचे पाऊल

त्यांचे काम गेरिट ग्राइन्स या तरुण सहकाऱ्याने पुढे नेले. ग्राइन्स यांनी आइकमन यांच्या विषाच्या सिद्धांतालाच हात घातला. पिष्टाव्यतिरिक्त दुसरे अन्न देऊनही, ते पुरेसे उकळून निकामी केलेले असेल, तर कोंबड्यांना रोग होतो, असे त्यांना दिसले. मग पिष्टाच्या विषाचा प्रश्न उरतोच कोठे? उलट, मूग खाऊ घातले, की रोग टळतो, हेही त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे आजाऱ्याला मुगाचे कढण देण्याची रीत आहे. त्याच मुगाने जावामधील कोंबड्यांना पायांवर उभे केले. १९०१ मध्ये ग्राइन्स यांनी निःसंदिग्ध शब्दांत मांडले, की काही नैसर्गिक अन्नपदार्थांत मज्जातंतूंना आवश्यक असा घटक असतो आणि त्याच्या अभावी हा रोग जडतो.

वैद्यकीय जगताने हे लगेच स्वीकारले, असे मात्र झाले नाही. कोंबड्यांचा रोग म्हणजे माणसांचा बेरीबेरी नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ होते. जंतूचा शोध चालूच राहिला. जपानच्या नौदलात कानेहिरो ताकाकी यांनी १८८० च्या दशकातच खलाशांचा आहार बदलून हा रोग जवळपास हद्दपार केला होता, पण त्याचे श्रेय ते आहारातील प्रथिनांना देत होते. सत्याचा एकेक तुकडा अनेकांच्या हाती होता. मलायात झालेल्या पुढील अभ्यासांनी तांदळाचा संबंध आणखी पक्का केला आणि १९१० मध्ये मनिला येथे भरलेल्या उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या परिषदेने पॉलिशच्या तांदळाकडे अधिकृतपणे बोट दाखवले. तुरुंगांच्या पाहणीला तोवर चौदा वर्षे लोटली होती. या चौदा वर्षांत किती माणसे पांढरा भात खाऊन गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

उट्रेक्टची वर्षे

१८९८ मध्ये आइकमन उट्रेक्ट विद्यापीठात आरोग्यशास्त्र आणि न्यायवैद्यक या विषयांचे प्राध्यापक झाले. पिण्याच्या पाण्यात मलमूत्र मिसळले आहे काय, हे ४६ अंश सेल्सिअस तापमानाला जंतू वाढवून ओळखण्याची त्यांची पद्धत पाणीतपासणीत महत्त्वाची ठरली. सार्वजनिक पाणीपुरवठा, घरे, शाळा, क्षयप्रतिबंध अशा व्यवहारी प्रश्नांतही ते रस घेत. पक्ष्यांचे प्रयोग त्यांनी तेथेही सोडले नाहीत आणि हळूहळू त्यांनाही ग्राइन्स यांचे म्हणणे पटत गेले. स्वतःच्या हाताखालच्या माणसाने खोडून काढलेला स्वतःचा सिद्धांत सोडून देणे कोणत्याही काळातल्या प्राध्यापकाला सोपे नसते.

यानंतर शोधाला वेग आला. लंडनमध्ये काझिमीर फुंक यांनी कोंड्यातील तो घटक वेगळा करण्याचा खटाटोप केला. कबुतरांवर त्याची परीक्षा घेतली आणि १९१२ मध्ये अशा घटकांना व्हिटॅमिन हे नाव दिले. प्रत्यक्ष स्फटिक हाती आले ते १९२६ मध्ये, आणि तेही बटाव्हियाच्या त्याच प्रयोगशाळेत. यान्सन आणि डोनाथ या दोन रसायनशास्त्रज्ञांनी शेकडो किलो कोंड्यातून चिमूटभर स्फटिक मिळवले. त्यांचा नमुना त्यांनी उट्रेक्टला आइकमन यांच्याकडे धाडला. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या आइकमन यांनी तो पक्ष्यांना देऊन पाहिला आणि गुण येत असल्याचा निर्वाळा दिला. ज्याला ते एकेकाळी विषावरचा उतारा समजले होते, ते द्रव्य अखेर त्यांच्या टेबलावर आले होते. त्याची रासायनिक रचना उलगडून ते कृत्रिमरीत्या तयार करण्याचे काम १९३६ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट विल्यम्स यांनी केले. विल्यम्स यांचा जन्म आपल्याकडच्या नेल्लोरचा.

१९२९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आइकमन आणि इंग्लंडचे फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांना विभागून मिळाले. आइकमन तोवर इतके थकले होते, की स्टॉकहोमच्या समारंभाला ते जाऊ शकले नाहीत. ५ नोव्हेंबर १९३० रोजी उट्रेक्ट येथे वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या पारितोषिकात ग्राइन्स यांचे नाव नव्हते. रोगाचा खरा अर्थ प्रथम सांगणारा माणूस बाजूला राहिला. पारितोषिकाच्या न्यायाविषयी त्यामुळे आजही प्रश्न विचारला जातो आणि तो रास्तच आहे. एकाने दार शोधले, दुसऱ्याने ते कोणत्या बाजूला उघडते हे सांगितले. दोघांचा मान सारखा असायला हवा होता. ग्राइन्स पुढे मायदेशी वाखेनिंगेन येथील कृषी महाविद्यालयात प्राण्यांच्या शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले. पशुपोषणाच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचा अधिकार त्यांच्याइतका फार थोड्यांना असेल!

पशुवैद्यकाला मिळालेला वारसा

माणसांच्या रोगासाठी कोंबड्यांना वेठीला धरले गेले खरे. पण या शोधाची फेड कोंबड्यांनाही झाली. थायमिनचा अभाव असलेले पिल्लू मान पाठीवर टाकून आकाशाकडे पाहत असल्यासारखे बसते. हे लक्षण दिसताच जाणकार पशुवैद्य खाद्याची चौकशी करतो आणि वेळीच थायमिन दिले, तर पिल्लू आश्चर्य वाटावे इतक्या लवकर सावरते. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवर वापरले जाणारे ॲम्प्रोलियम हे औषध तर याच ज्ञानावर बेतलेले आहे. त्याची रचना थायमिनसारखी असल्याने आतड्यातील परजीवी फसतो आणि त्याला थायमिन मिळेनासे होते. मात्र औषधाची मात्रा वाढली, तर कोंबडीचीही तीच गत होते.

प्राणिसंग्रहालयांतही हा धडा गिरवावा लागला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कातड्यासाठी पाळलेल्या कोल्ह्यांना १९३० च्या दशकात कच्चे मासे चारले गेले आणि ते लुळे पडू लागले. काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिनचा नाश करणारे विकर असते, हे त्यातून कळले. पेंग्विन, सील यांसारख्या मासे खाणाऱ्या प्राण्यांना बंदिवासात गोठवलेली मासळी दिली जाते, तेव्हा तिच्यासोबत थायमिनची गोळी देण्याची दक्षता घेतली जाते, ती याचमुळे. पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नाही, हा बटाव्हियाच्या खुराड्यातला धडा येथेही लागू पडतो.

भारतातही या शोधाचे पडसाद उमटले. निलगिरीतील कुन्नूर येथे १९१८ मध्ये रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत काम सुरू केले. कबुतरांवर प्रयोग करणारे हे छोटेसे केंद्रच पुढे वाढत जाऊन हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाले. आणि कोकण-गोव्यातल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिजणारा उकडा तांदूळ? भात सालीसकट उकडले, की पापुद्र्यातील थायमिन दाण्यात मुरते आणि नंतर सडले तरी बरेचसे टिकून राहते. पांढऱ्याशुभ्र तांदळापुढे जाडाभरडा म्हणून हिणवल्या गेलेल्या या तांदळाने आणि त्याच्या पेजेने कष्टकऱ्यांचे अंग धरून ठेवले, ते कोणत्याही प्रयोगशाळेचा दाखला न मागता.

बटाव्हियाच्या त्या प्रयोगशाळेला १९३८ मध्ये आइकमन यांचे नाव देण्यात आले. १९६० च्या दशकात ती बंद पडली, १९९० च्या दशकात पुन्हा सुरू झाली आणि २०२१ मध्ये इंडोनेशियाच्या राष्ट्रीय संशोधन यंत्रणेत विलीन झाली. पाटी गेली, तरी काम राहिले.

आइकमन यांची थोरवी कशात होती? ते जे शोधायला गेले, ते त्यांना मिळाले नाही. जे मिळाले, त्याचा अर्थ त्यांना पुरता उमगला नाही. पण टोचणी न दिलेली कोंबडीही लंगडते आहे, ही गैरसोयीची गोष्ट त्यांनी नजरेआड केली नाही. तिची नोंद केली, तिच्यामागे मुदपाकखान्यापर्यंत गेले आणि आपल्या मनातला सिद्धांत त्या कोंबडीपेक्षा मोठा मानला नाही. आजही बाजारात तांदूळ निवडताना आपला हात पांढऱ्याशुभ्र दाण्यांकडेच वळतो. तो वळण्याआधी जावामधल्या त्या लंगड्या कोंबडीची आठवण झाली, तरी पुरे आहे.